तार-गा: तिबेटी वैद्यकात शीर कशी निवडतात, कधी उघडतात, कुठे थांबतात

तार-गा म्हणजे शीर उघडून दूषित रक्त काढणं. ती करायची ठरली की आमची, म्हणजे तिबेटी वैद्य, पहिल्यांदा हाती घेतो ते हिरडा, बेहडा आणि आवळा. पातं बाहेर निघतं तीन ते पाच दिवसांनी. मधल्या दिवसांत रोगी नुसता काढा पितो आणि त्याला वाटतं, वैद्य वेळ काढतोय. खरं तर अर्धं काम त्या दिवसांतच उरकलेलं असतं. या विद्येत हात चुकतो त्याहून जास्त वेळा घाई नडते. रक्त वेगळं होण्याआधीच शीर उघडली जाते, नाहीतर चांगलं रक्त दिसू लागल्यावरही ती उघडीच ठेवली जाते.

हे लिहिलंय ते सोवा रिग्पा म्हणजे तिबेटी वैद्यक शिकणाऱ्यांसाठी, शिरावेध शिकलेल्या आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या वैद्यांसाठी, आणि लेह, स्पीती किंवा धरमशालेला आमचीसमोर हात पुढे करून बसणाऱ्या रोग्यांसाठी. घरी करून बघायची ही गोष्ट नाही. शीर कुठली आणि पातं किती आत, हे कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं बसून येतं. भारतात सोवा रिग्पाला २०१० साली कायद्याने मान्यता मिळाली. नोंदणी असलेल्या वैद्याखेरीज कुणी पातं काढलं तर उठून यावं.

त्सा म्हणजे नेमकं काय

तिबेटी भाषेत ‘त्सा’ हा शब्द शिरेला लागतो, रोहिणीला लागतो, मज्जातंतूला लागतो आणि मनगटावरच्या नाडीलाही लागतो. मूळ या अर्थीही तोच. त्यामुळे नुसतं ‘त्सा’ वाचून पुढे गेलात तर गोंधळ ठरलेला. वैद्य त्याच्यापुढे विशेषण लावतात: काळी त्सा रक्ताची, पांढरी त्सा मेंदूतून निघणारी. ठोके देणारी ‘फर-त्सा’ म्हणजे आपली रोहिणी, आणि शांत असणारी ‘दो-त्सा’ म्हणजे शीर. पातं लावायचं ते फक्त दो-त्सेला. बोटाखाली काहीही उडत असेल तर तिथून हात मागे घ्यायचा, हा पहिला धडा.

ग्यूशी, म्हणजे चार तंत्रांचा मूळ ग्रंथ, एकूण १५६ अध्यायांचा आहे. शरीरातल्या वाटांचा हिशेब त्याच्या दुसऱ्या तंत्रात येतो आणि तार-गाची रीत शेवटच्या तंत्राच्या विसाव्या अध्यायात. काळ्या मुख्य वाहिनीतून २४ मोठ्या शाखा फुटतात. त्यांतल्या ८ आत अवयवांकडे जातात आणि १६ बाहेर हातापायांकडे व डोक्याकडे दिसतात. या बाहेरच्या शाखांवर ७७ शिरा रक्त काढण्याजोग्या म्हणून मोजल्या आहेत, आणि ११२ जागा नाजूक म्हणून, जिथे जखम झाली तर जिवावर बेतेल. पुढे त्यांचे फाटे होत होत ३६०, मग ७००, आणि त्यानंतर मोजदाद सोडून दिली आहे.

७०० हा आकडा ऐकून आपल्या वैद्यांचे कान टवकारतील. सुश्रुताच्याही शिरा ७००. पण सुश्रुत त्यांतल्या ९८ अवेध्य म्हणून वगळतो आणि बाकीच्यांतून रोगाप्रमाणे निवडायला सांगतो, तर तिबेटी परंपरा उघडण्याजोग्या शिरांची नावं देऊन ठेवते आणि त्यापलीकडे जाऊ नका म्हणते. शिकणाऱ्याला दुसरी पद्धत सोपी. ७७ नावं पाठ करा, प्रत्येकीची जागा बोटांनी मोजायला शिका, बाकी शरीर तुमचं नाही. दोन्हींत नातं आहे ते उगाच नाही: वाग्भटाचं अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा ग्रंथ अकराव्या शतकात रिन्छेन सांगपो या अनुवादकाच्या हातून तिबेटीत गेलं आणि ग्यूशीवर त्याची दाट छाया आहे.

गरम आहे की रिकामं, हे आधी ठरवा

तिबेटी चिकित्सा चार पायऱ्यांनी चढते: आहार, वागणूक, औषध, आणि मग बाहेरून करायचे उपचार. बाह्योपचारांतही शेक, मालिश, औषधी स्नान हे मऊ. तार-गा आणि डाग हे खरखरीत. म्हणजे पातं येतं ते बरंच पुढे. पहिल्याच भेटीत ‘रक्त काढू या’ म्हणणारा वैद्य या क्रमाच्या बाहेर गेलेला असतो.

तार-गा कशासाठी? रक्त आणि ‘त्रिपा’ (आपलं पित्त) यांच्या उष्ण विकारांसाठी. पिकलेला ताप, लाल गरम सूज, धावरं, संधिवातातला ठणका, आणि ‘द्रेग’ म्हणजे वातरक्त, ज्यात अंगठ्याचा सांधा रात्रीत लाल होऊन सुजतो. ‘छुसेर’ नावाचा पिवळसर द्रव साचून होणारे त्वचेचे आणि सांध्यांचे विकारही यात येतात.

खरी परीक्षा नाडीची. निरोगी माणसाची नाडी वैद्याच्या एका श्वासात पाच ठोके देते. उष्ण विकारात ती जोरकस, भरलेली, बोटाखाली गरगरणारी, जलद, ताणलेली आणि कठीण लागते. अशी लागली आणि मूत्र लालसर, वाफाळतं, उग्र वासाचं असेल तर गोष्ट पुढे सरकते.

चकवा देतो तो रिकामा ताप, ‘तोंग-छे’. नाडी इथेही जलद असते, पण बोटाने जरा दाबलं की आत काहीच नाही, फुगा दाबल्यासारखं. माणूस तापलेला दिसतो, चेहरा लाल असतो, पण हे तापणं ‘लुङ’ने (वाताने) फुंकर घालून पेटवलेलं. इथे रक्त काढलं की लुङला मोकळं रान मिळतं: झोप उडते, छाती धडधडते, डोकं हलकं होतं, कानात आवाज येतात. शिकाऊ वैद्याच्या हातून होणारी सगळ्यांत महाग चूक हीच, कारण पहिले दोन दिवस रोग्याला बरं वाटतं. रक्त कमी झाल्याने ताप उतरल्यासारखा भासतो आणि वैद्यही खूश असतो.

दुसरी अडचण कच्च्या तापाची. ताप अजून कफाखाली आणि लुङखाली दबलेला असतो, अंग दुखतं, जांभया येतात, थंडी वाजते. तेव्हा रक्त काढत नाहीत, आधी ताप पिकवतात. त्यासाठी ‘मानू शीथांग’ हा चौघांचा काढा: मानू म्हणजे पुष्करमूळ, लेत्रे म्हणजे गुळवेल, आल्याच्या जातीचं ‘गा’, आणि ‘कंडकारी’. हे शेवटचं नाव ऐकून आपली रिंगणी (कंटकारी) आणू नका. शब्द संस्कृतातूनच गेलाय, पण हिमालयापलीकडे तो एका काटेरी, रासबेरीच्या कुळातल्या झुडपाला चिकटला.

गरोदर बाई, बाळंतीण, लहान मूल, वृद्ध, अंगावर पाणी चढलेला, नुकतंच वमन-विरेचन झालेला, अशक्त, आणि थंड कफाच्या किंवा लुङच्या विकाराचा रोगी, या कुणालाही तार-गा नाही. यात वाद घालायला जागा नाही.

काढा: चांगलं आणि वाईट वेगळं करणं

ताप पिकलाय, नाडी भरलेली आहे. आता ‘द्रेबू सुमथांग’, तीन फळांचा काढा. हिरडा (अरुरा), बेहडा (बरुरा), आवळा (क्युरुरा), तिघेही बिया काढून, समभाग, जाडसर कुटलेले. पाण्यात उकळून, आटवून, गाळून दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच दिवस. आपल्या घरात त्रिफळा चूर्णाचा डबा असतोच, तेव्हा ‘त्यात काय विशेष’ असं वाटेल. विशेष हेतूत आहे. इथे पोट साफ करणं हे ध्येय नसून ‘नेत्राक’ म्हणजे दूषित रक्त आणि शरीर धरून ठेवणारं ‘झुंगत्राक’ यांची फारकत करणं हे आहे. ताक घुसळल्यावर लोणी वर येतं तसं. लोणी वर येण्याआधी मडकं ओतलं तर सगळंच वाहून जातं.

आयुर्वेदात शिरावेधापूर्वी स्नेहन आणि स्वेदन करतात, म्हणजे तूप-तेल देऊन मऊ करणं आणि घाम काढणं. तिबेटी रीतीत तेलाच्या उपचारानंतर लगेच पातं लावत नाहीत. दोन्ही शास्त्रं शिकलेल्याने इथे सरमिसळ करू नये. एकाची पूर्वतयारी आणि दुसऱ्याचा छेद, अशी खिचडी कुणाच्याच ग्रंथात नाही.

तापात ही फारकत आणखी जोमाने हवी असेल तर मानू शीथांगमधले चार घटक आणि ही तीन फळं एकत्र करून सातांचा काढा देतात, ‘नोर्बू दुनथांग’. नोर्बू म्हणजे रत्न.

फारकत झाली हे कसं ओळखायचं? दुखणं एका जागी गोळा होतं, नाडी जोरकस असूनही तिची सरमिसळ कमी होते, शिरा फुगून वर दिसू लागतात. पाचव्या दिवसापर्यंत यातलं काही घडलं नाही तर पातं ठेवून द्यावं आणि निदान पुन्हा तपासावं.

मुहूर्त हाही तयारीचाच भाग. चांद्रतिथीप्रमाणे ‘ला’ नावाचं प्राणतत्त्व शरीरात जागा बदलतं आणि पौर्णिमेला सर्वांगात पसरतं असं मानतात. ज्या दिवशी ‘ला’ जिथे, तिथे छेद नाही. पंचांग बघून दिवस टाळणं यावर कुणी हसेल, पण त्यातून एक फायदा आपोआप होतो: तातडीची नसलेली तार-गा पुढे ढकलली जाते आणि नाडी आणखी एकदा पाहिली जाते.

जागा निवडताना

वरच्या धडाचे विकार हातावर, पोट-कमरेखालचे पायावर, डोक्याचे कपाळ आणि जिभेवर, हा ढोबळ नियम. ‘प्रल-त्सा’ ही कपाळावरची शीर डोकेदुखी आणि लाल डोळ्यांसाठी. ‘चे-त्सा’ जिभेखालची. कोपराच्या खळग्यात आणि त्याच्या आसपास एकाहून जास्त नावाच्या शिरा आहेत, ‘रुथुंग’ त्यांतली. पोटरीला ‘छिनशुग’, घोट्याला ‘लोंग-त्सा’. जागा मोजायची ती रोग्याच्याच बोटांच्या रुंदीने; वैद्याच्या बोटांनी मोजली तर किडकिडीत माणसात पातं भलतीकडे पडतं.

तिबेटचा राज्यकारभारी देसी सांग्ये ग्यात्सो याने १६८७-८८ मध्ये ग्यूशीवर ‘निळं वैडूर्य’ ही टीका लिहिली आणि तिच्यासोबत ७९ पटचित्रं तयार करवली. त्यांत माणसाची आकृती चौकटींच्या जाळ्यावर काढून रक्तमोक्षणाच्या आणि नाजूक जागा दाखवल्या आहेत. पाहायला सुंदर आहेत. पण त्या चित्रावरून थेट जिवंत हातावर बोट ठेवू नका. क्रम लक्षात राहावा म्हणून ती आहेत, खोली त्यांतून कळत नाही.

खोलीसाठी आजचं शरीरशास्त्र हवं. कोपराच्या खळग्यात मधून तिरकी जाणारी शीर सगळ्यांत सोयीची, कारण तिच्या आणि खालच्या रोहिणीच्या मध्ये दंडाच्या स्नायूचा एक पातळ चिवट पडदा असतो. युरोपातल्या रक्तमोक्षणाच्या काळात या पडद्याने किती रोहिण्या वाचवल्या याची गणती नाही. खळग्याच्या आतल्या, छातीकडच्या बाजूला सरकाल तसा हा आधार संपतो आणि रोहिणी व मोठा मज्जातंतू जवळ येतात. घोट्याच्या आतल्या हाडापुढची शीर उथळ असते, पण तिला चिकटूनच त्वचेची संवेदना नेणारा तंतू जातो. तो दुखावला तर पावलाच्या आतली कड महिनोन्‌महिने बधिर राहते. कपाळावरच्या शिरेचं रक्त नाकाच्या मुळाशी वळून डोळ्यामागच्या शिरांना मिळतं, म्हणून तिथला जंतुसंसर्ग कवटीच्या आत पोचू शकतो. जिभेखाली तर बाहेरून दाबायलाच काही मिळत नाही. आमच्या मते या शेवटच्या दोन जागा आज सोडूनच द्याव्यात. तेवढा फायदा त्यांत नाही.

बांधणं आणि छेद

खोली उबदार हवी. थंडीत शिरा आकसतात. लडाखच्या हिवाळ्यात रोग्याला आधी शेकोटीपाशी किंवा उन्हात बसवतात, हात गरम पाण्यात बुडवतात. उपाशीपोटी बसवायचं नाही, भरल्या पोटीही नाही. पाणी प्यायलेलं असावं.

पट्टा छेदाच्या जागेच्या काही अंगुळं वर, हृदयाच्या बाजूला. तो इतका घट्ट हवा की शीर फुगेल आणि इतका सैल की मनगटावरची नाडी लागत राहील. नाडी गेली तर रोहिणीही आवळली गेली: वरून रक्त येणंच बंद, मग शीर फुगणार कशी? बरेच जण इथे पट्टा आणखी आवळतात आणि काम आणखी बिघडवतात. रक्तदाबाचा कफ वापरला तर पाऱ्याचे ४० ते ६० मिलिमीटर पुरतात.

मग शीर चोळून, टिचकीने उठवून, तिच्या खालच्या बाजूला डाव्या अंगठ्याने त्वचा ताणून धरायची. हे धरणं महत्त्वाचं. वयस्क माणसाची शीर त्वचेखाली दोरीसारखी घरंगळते. अंगठा ढिला पडला की पातं बाजूला उतरतं. पात्याचं टोक चिमटीबाहेर जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं ठेवायचं, म्हणजे हात दचकला तरी त्याहून आत जाणार नाही. जुन्या हत्यारांत कुऱ्हाडीच्या पात्याच्या आकाराची ‘त्सागबू’ असते, शिरेवर टेकवून हलका ठोका द्यायची. आज शहाण्या आमचीच्या हाती एकदाच वापरायचं, पाकिटबंद पातं किंवा सुई असते. धातूचं जुनं हत्यार वापरायचं तर ते १२१ अंश सेल्सिअसला दाबाच्या वाफेत निर्जंतुक झालेलं हवं. ज्योतीवर धरून ‘शुद्ध’ केलेलं चालणार नाही. कावीळ ब आणि क यांचे विषाणू अशाच पात्यांवरून हिंडतात.

छेद शिरेच्या लांबीला किंवा किंचित तिरका. आडवा छेद जास्त वाहतो म्हणून मोह होतो, पण तो जरा खोल गेला की शीर आरपार तुटते, दोन्ही टोकं आत ओढली जातात, बाहेर रक्त येत नाही आणि त्वचेखाली साचत राहतं.

रक्त काय सांगतं

रक्त पांढऱ्या भांड्यात घ्यावं. रंग कळायला हवा.

पिवळसर, पातळ, उग्र वासाचं रक्त त्रिपाचं. फिकट, चिकट, तार धरणारं बेकेनचं म्हणजे कफाचं. फेस धरणारं लुङचं. दूषित रक्ताची धार सुरुवातीला काळपट असते. हिंगुळासारखा उजळ लाल रंग दिसू लागला की झुंगत्राक आलं. त्या क्षणी पट्टा सोडायचा. ‘अजून थोडं जाऊ दे’ हे वाक्य याच टप्प्यावर ऐकू येतं, बहुधा रोग्याच्या तोंडून.

आधुनिक नजरेने पाहता शिरेतलं रक्त सगळ्यांचंच गडद असतं, आणि धार लागल्यावर ते काहीसं उजळू शकतं. तेव्हा नुसत्या रंगावर विसंबणं धोक्याचं. रंग, नाडी आणि रोग्याचा चेहरा, तिन्ही एकत्र पाहायचे, आणि वर एक मर्यादा ठरलेली असायची. आयुर्वेदात वरची हद्द एक प्रस्थ; रक्तमोक्षणासाठी प्रस्थ साडेतेरा पळांचा धरतात, म्हणजे ५४ तोळे. जुन्या तोळ्याने ते सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं. आज कुणी तिथवर जाऊ नये. रक्तपेढीत ४५ किलो वजनाच्या माणसाकडून ३५० मिलिलिटर घेतात आणि तेही त्याचं हिमोग्लोबिन १२.५ असेल तरच. दुखणाईताकडून निरोग्याहून जास्त घ्यायचं कारण काय? थोडं काढावं, लागलं तर काही दिवसांनी पुन्हा.

बिघडतं ते इथे

रक्त येतच नाही. कारणं क्रमाने तपासा: खोली थंड, रोगी घाबरलेला, पाणी कमी प्यायलेला, पट्टा फार घट्ट, छेद त्वचेतच राहिलेला, शीर घरंगळलेली. पुन्हा त्याच जागी पातं खुपसू नका. पट्टा सोडा, हात शेका, दुसरी बाजू पाहा. सुश्रुताने सदोष वेधाचे वीस प्रकार मोजलेत. ते वाचताना लक्षात येतं की या घोळांत नवीन काहीच नाही.

उजळ रक्त उसळ्या मारत आलं. रोहिणी कापली. पट्टा लगेच सोडा, बोटाने थेट जोरात दाबा, हात उंच धरा, आणि दाब न काढता रुग्णालय गाठा. थांबलं म्हणून घरी पाठवू नका; अशा जागी नंतर ठोके देणारी गाठ उभी राहते.

पातं लागताच विजेसारखी कळ बोटांपर्यंत गेली. पांढरी त्सा, म्हणजे मज्जातंतू. लगेच पातं बाहेर, काम बंद.

चक्कर. याची चाहूल आधी लागते: जांभई, कपाळावर घाम, ओठ फिके. पट्टा सोडून आडवं करा, पाय उंच, तोंडावर गार पाणी शिंपडा. पाणी शिंपडणं ही तिबेटी रीतच आहे. मग नाडी पाहा. भीतीने आलेल्या चकरेत नाडी मंद असते आणि माणूस दोन-चार मिनिटांत सावरतो. नाडी जलद आणि बारीक असेल तर रक्त जास्त गेलंय, तिथे वाट बघायची नसते.

छेदाभोवती निळा गोळा. बहुतेकदा रोग्याने कोपर दुमडून धरल्यामुळे. हात सरळ ठेवून निदान पाच मिनिटं दाबायचं.

नंतर

जखम दाबून धरल्यावर तिच्यावर गार दगड ठेवतात. नदीतला गुळगुळीत गोटा चालतो, पण आज मध्ये निर्जंतुक गॉज हवा. त्या दिवशी दुपारची झोप नाही, छांग (जवाची दारू) नाही, आंबट-खारट नाही, ओझं उचलणं नाही, ऊन आणि गारठा दोन्ही नाहीत.

दोन-तीन दिवसांत झोप उडाली, मन सैरभैर झालं, तर लुङ चढलंय. हाडांचा रस्सा द्यायचा, उबदार ठेवायचं, आणि ‘होर-मे’ करायचं: शहाजिरं किंवा जायफळ कापडात बांधून पुरचुंडी, ती कोमट तेला-तुपात बुडवून मानेखालच्या पहिल्या मणक्यावर. पहिला म्हणजे मान वाकवली की सर्वांत वर उठून दिसतो तो. तिबेटी मोजणी तिथूनच सुरू होते. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा, पोळण्याच्या तक्रारी याच उपचारात जास्त.

शीर उघडण्याइतकं प्रकरण नसेल तर तुंबडी आहे. तिबेटी वैद्य शिंग लावून तोंडाने ओढतात, किंवा ‘मेबुम’ हे तांब्याचं भांडं आत कागद पेटवून लावतात. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आपल्याकडे जिथून आली तोच हा प्रकार. तांबं काचेपेक्षा लवकर तापतं, तेव्हा कड बोटाने तपासल्याशिवाय पाठीवर टेकवू नये.

आमचीकडे जाण्याआधी

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल तर आधी सांगा, आणि आपल्या मनाने बंद करू नका. ज्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्यात तो हात, आणि डायलिसिससाठी फिस्तुला केलेला हात, दोन्ही वर्ज्य. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा मधुमेहाने पाय बधिर असेल तर पायावर छेद घेऊ नका. आठवड्याच्या आतला हिमोग्लोबिनचा अहवाल सोबत न्या. मागितला नाही तरी दाखवा.

उंचावर दीर्घकाळ राहून रक्त दाट झालेल्यांचा प्रश्न वेगळा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पुरुषाचं हिमोग्लोबिन २१ आणि बाईचं १९ गाठतं तेव्हा डोकं जड, ओठ निळे, झोप तुटक. ल्हासा आणि छिंगहायकडची तिबेटी रुग्णालयं अशांवर तार-गा करतात, आणि आधुनिक डॉक्टरही शीर टोचून रक्त कमी करतात. आराम पडतो, पण उंची तीच राहिल्याने रक्त पुन्हा दाटतं, आणि दर ४५०-५०० मिलिलिटर रक्तासोबत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं. म्हणून दुसऱ्या खेपेआधी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासून घ्या. फेरिटिन तळाला गेलेलं असेल तर तिसरी खेप घेऊ नका. काही महिने खाली मनालीला किंवा मैदानात राहून या आणि मग पुन्हा मोजा.